दर्पणकार तर होतेच, पण मास्तरांचेही मास्तर : पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांची न सांगितली जाणारी बाजू

दरवर्षी ६ जानेवारी आली की देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ले गावाचं नाव राज्यभर निघतं. पत्रकार दिन. गावातल्या स्मारकात हार घातला जातो, भाषणं होतात, बाहेरगावचे पत्रकार येतात. बाळशास्त्री जांभेकर म्हणजे 'दर्पण', आणि 'दर्पण' म्हणजे मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र, एवढं शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. पण या माणसाचा मूळ धंदा मास्तरकीचा होता, हे किती जणांना ठाऊक आहे? वर्तमानपत्र त्यांनी नोकरी सांभाळून चालवलं. पोट भरलं ते शिकवण्यावर. आणि आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात त्यांच्याकडे जे काम होतं ते वर्तमानपत्राचं नव्हतंच. गावोगावच्या शाळांसाठी मास्तर तयार करायचं काम होतं.

आज विज्ञान शिक्षकांची प्रशिक्षणं होतात, केंद्रावर शिक्षण परिषद असते, नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकानं वर्षाला ५० तास स्वतः शिकायचं असं लिहिलेलं आहे. यावर शिक्षक कुरकुर करतात, पालकही करतात, कारण मास्तर प्रशिक्षणाला गेले की वर्ग मोकळा. पण गणित-विज्ञान शिकवणाऱ्याला आधी नीट शिकवलं पाहिजे, हा विचार आपल्या मुलखात काल-परवाचा नाही. पावणेदोनशे-दोनशे वर्षांपूर्वी त्यासाठी झटणाऱ्यांत आपल्याच जिल्ह्यातला एक तरुण पुढे होता.

गलबतातून मुंबई

बाळशास्त्री १८१२ सालचे. त्या वेळी सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, तो झाला १९८१ साली. पेशवाई अजून उभी होती, ती पुढे १८१८ मध्ये बुडाली. म्हणजे हे पोर सहा वर्षांचं असताना राज्य बदललं. वडील गंगाधरशास्त्री पुराण सांगणारे, विद्वान म्हणून नाव असलेले. घरची श्रीमंती नव्हती, पण पोथ्या होत्या. मराठी, संस्कृत, हिशेब हे सगळं घरीच झालं. पोराची बुद्धी लहानपणीच लोकांच्या डोळ्यात भरली.

तेरा-चौदा वर्षांचे असताना, १८२५ च्या सुमारास ते मुंबईला गेले. तेव्हा रेल्वे नव्हती आणि घाटातून गाडीरस्तेही नीट नव्हते. कोकणातल्या माणसाला मुंबई गाठायची तर गलबत किंवा मचवा, वारा असेल तसा. पावसाळ्यात तेही बंद. मुंबईत ते सदाशिव काशिनाथ तथा बापू छत्रे यांच्याकडे राहिले. हे बापू छत्रे म्हणजे 'बाळमित्र' आणि 'इसापनीती' मराठीत आणणारे गृहस्थ. चांगल्या घरी पोर पडलं असंच म्हणायचं. इंग्रजी तिथे शिकले, संस्कृत पक्कं केलं, आणि गणितात तर असे पुढे गेले की विद्यार्थी असतानाच बरोबरीच्या पोरांना शिकवू लागले.

पुढे त्यांनी किती भाषा शिकाव्यात? मराठी, संस्कृत, इंग्रजी तर झाल्याच. गुजराती, कानडी, तेलुगू, बंगाली, हिंदुस्थानी, फारसी, शिवाय फ्रेंच, लॅटिन, ग्रीक. आज मोबाइलवर भाषांतर होतं, तेव्हा शब्दकोशसुद्धा धड नव्हते.

पाढे पक्के, पण सृष्टीचं काय?

त्या काळच्या गावच्या शाळा कशा होत्या ते समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. शाळा म्हणजे देवळाची ओसरी किंवा कुणाच्या घरची पडवी. पंतोजी नावाचा एक माणूस, त्याला घरटी धान्य नाहीतर थोडे पैसे. लाकडी पाटीवर धूळ पसरायची आणि तिच्यावर बोटानं अक्षरं काढायची. त्यालाच धुळाक्षरं म्हणत. मोडी लिहायला शिकायचं आणि पाढे घोकायचे. साधे पाढे तर होतेच, त्यावर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. हे शिक्षण टाकाऊ नव्हतं बरं का. ही पाढ्यांची पोरं तोंडी हिशेबात भल्याभल्यांना हरवत. बाजारात, खतावणीत, सारावसुलीत हे ज्ञान कामाचं होतं.

पण पृथ्वी गोल कशी, ग्रहण का लागतं, भरती-ओहोटी का होते, वाफेला जोर कुठून येतो, हे त्या ओसरीवर कुणी विचारत नव्हतं, कारण पंतोजीलाच ते ठाऊक नव्हतं. समुद्रावर जगणाऱ्या गावांत भरती-ओहोटीच्या वेळा मासेमाऱ्याला तोंडपाठ, पण तिचं कारण शाळेत नाही. दोष पंतोजीचा नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना १८२२ साली मुंबईत शाळा आणि शाळेची पुस्तकं यासाठी एक संस्था निघाली. तीच पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी झाली. इंग्रज आणि मुंबईतले प्रतिष्ठित लोक मिळून ती चालवत. तिचा चिटणीस जॉर्ज जर्व्हिस हा इंजिनिअर पलटणीतला कॅप्टन. त्याचं मराठी चांगलं होतं. जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्यासारख्या पंडितांना हाताशी धरून त्यानं गणिताची पुस्तकं मराठीत तयार करवली. मग प्रश्न आला की ही पुस्तकं शिकवणार कोण? तेव्हा सोसायटीनं मुंबईत मास्तर तयार केले आणि १८२६ च्या सुमारास २४ जणांना मुलखात पाठवलं, १४ मराठी शाळांसाठी आणि १० गुजराती शाळांसाठी. दख्खन, कोकण आणि गुजरात एवढ्या मोठ्या प्रदेशाला २४ मास्तर! आजचं एक केंद्रसुद्धा एवढ्यावर भागत नाही.

याच सोसायटीत १८३० साली बाळशास्त्री उपचिटणीस झाले. वय अठरा. दोन वर्षांनी चिटणीस. म्हणजे पुस्तकं कुठली छापायची, कुठली शाळा कशी चालली आहे, मास्तर कुठे कमी आहेत, हे कागद रोज त्यांच्या हातातून जायला लागले. १८३२ च्या ६ जानेवारीला त्यांनी 'दर्पण' काढलं. एका रकान्यात इंग्रजी, शेजारच्या रकान्यात मराठी. आधी पंधरवड्यानं निघायचं, चार महिन्यांत ते आठवड्यानं निघू लागलं, आणि १८४० पर्यंत चाललं. 'दर्पण'बद्दल इतकं लिहिलं-बोललं गेलंय की इथे जास्त सांगत नाही. एवढंच ध्यानात ठेवायचं की त्यातसुद्धा नव्या विद्यांची ओळख करून देण्यावर भर होता. वर्तमानपत्र हे त्यांच्या दृष्टीनं मोठ्या माणसांची शाळाच होतं.

मधल्या काळात अक्कलकोटच्या युवराजांना शिकवण्यासाठीही त्यांची नेमणूक झाली होती. संस्थानिकाच्या दरबारात मानानं राहता आलं असतं. ते मुंबईला परत आले.

शून्यलब्धि

एल्फिन्स्टन १८२७ साली विलायतेला परत गेला, तेव्हा मुंबईकरांनी त्याच्या नावानं वर्गणी जमवली आणि त्या पैशातून वरच्या वर्गांना शिकवायला प्राध्यापक नेमायचे ठरवलं. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन ती हीच. तिथे १८३४ साली बाळशास्त्री असिस्टंट प्रोफेसर झाले. त्या जागेवर बसलेले ते पहिले हिंदी माणूस, वय बावीस. १८३५ साली विलायतेहून ऑर्लेबार आणि हार्कनेस हे प्राध्यापक आले, आणि त्यांच्या बरोबरीनं हा पोंभुर्ल्याचा तरुण गणित शिकवत होता.

शिकवताना अडचण एकच, पण डोंगराएवढी. ज्ञान इंग्रजीत आणि शिकणारा मराठी. वरच्या वर्गातली मोजकी पोरं इंग्रजी शिकून घेतील, पण गावातल्या शाळेच्या मास्तरानं काय करायचं? त्याच्या हातात मराठी पुस्तक नसेल तर तो पुन्हा पावकी-निमकीवरच येणार. म्हणून बाळशास्त्री लिहायला बसले. बालव्याकरण, नीतिकथा, हिंदुस्थानचा इतिहास, इंग्लंड देशाची बखर, भूगोलविद्या. आणि 'शून्यलब्धि'.

हा शेवटचा शब्द जरा थांबून बघण्यासारखा आहे. इंग्रजीत ज्याला कॅल्क्युलस म्हणतात, आज बारावी सायन्सच्या पोरांना घाम फोडणारं जे गणित आहे, त्यातल्या डिफरन्शियल भागासाठी हा मराठी शब्द. आता समजा एखादा माणूस मोटारसायकलवर कणकवलीहून देवगडला निघाला. एकूण अंतराला एकूण वेळानं भागलं की सरासरी वेग निघतो. पण वळणावर त्या क्षणाला गाडीचा वेग किती होता? तो काढायचा तर वेळ कमी कमी करत न्यायची. एक मिनिट, एक सेकंद, सेकंदाचा शंभरावा भाग. वेळ शून्याकडे जाते, त्या वेळात कापलेलं अंतरही शून्याकडे जातं, पण त्या दोघांच्या भागाकारातून ठाम आकडा हाती लागतो. शून्याजवळ जाऊन जे लाभतं, ती शून्यलब्धि. लब्धि हा शब्द आपल्या जुन्या गणितात भागाकाराच्या उत्तरासाठी होताच. बाहेरचं ज्ञान घेतलं आणि घरच्या शब्दात बसवलं. पुढे हा शब्द मागे पडून कलन, विकलन आले. ते वाईट नाहीत, पण शून्यलब्धि म्हटल्यावर निम्मा धडा तिथेच समजतो.

कोणत्याही विज्ञान शिक्षकाला विचारा, शिकवताना सगळ्यात जास्त अडतं ते इथेच. व्याख्या पाठ करून घेणं सोपं. तीच गोष्ट पोराच्या ओळखीच्या शब्दांत, ओळखीच्या वस्तूंवर आणून दाखवणं अवघड. बाळशास्त्री शिकवता शिकवता हेच करत होते, आणि दुसऱ्या मास्तरांना ते करता यावं म्हणून पुस्तकं लिहीत होते.

कुलाब्याची वेधशाळा

नुसतं पुस्तकी गणित नव्हतं ते. मुंबईत कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ साली वेधशाळा बांधली होती. सुरुवातीला उद्देश जहाजांसाठी नेमकी वेळ आणि आकाशातले वेध. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची आणि हवामानाची नोंद सुरू झाली. प्रोफेसर ऑर्लेबार तिचे प्रमुख होते, आणि काही काळ ही वेधशाळा बाळशास्त्र्यांच्या ताब्यात होती.

चुंबकत्वाची नोंद हे काम दिसायला सोपं, करायला किचकट. होकायंत्राची सुई उत्तर दाखवते असं आपण म्हणतो, पण ती अगदी बरोबर उत्तर दाखवत नाही. थोडी बाजूला असते, आणि ते थोडंसुद्धा दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलतं. तो बदल टिपायचा तर ठरलेल्या वेळी, रात्रीसुद्धा, यंत्रासमोर हजर राहून आकडा लिहायला लागतो. चुकला आकडा की पुढचा हिशेब फुकट. असं काम ज्यानं हातानं केलंय तो माणूस वर्गात उभा राहिला की त्याचं शिकवणं वेगळं होतं. प्रयोगशाळेला कुलूप आणि फळ्यावर प्रयोग, असली विज्ञानाची शिकवणी त्याच्याकडून होत नाही.

याच वेधशाळेत अलिबागजवळच्या नागावचा एक पोरगा मदतनीस म्हणून लागला होता. केरो लक्ष्मण छत्रे. बापू छत्र्यांच्याच घराण्यातला. त्याची गोष्ट पुढे येते आहे.

तिकडे एल्फिन्स्टनमध्ये बाळशास्त्र्यांच्या हाताखालून पोरं तयार होत होती. दादाभाई नौरोजी त्यांतले एक. आपल्याला दादाभाई ठाऊक आहेत ते काँग्रेसचे आणि विलायतेच्या पार्लमेंटातले म्हणून, पण ते आधी त्याच एल्फिन्स्टनमध्ये गणिताचे प्रोफेसर होते. पूर्ण प्रोफेसरची जागा हिंदी माणसाला मिळाली ती पहिल्यांदा त्यांना. बाळशास्त्री असिस्टंटच राहिले होते. गुरूला न मिळालेली जागा शिष्याला मिळाली.

दर महिन्याला एक वर्ग

'दर्पण' १८४० साली थांबलं. लोकांना वाटतं तिथे गोष्ट संपली. पण त्याच वर्षी बाळशास्त्र्यांनी 'दिग्दर्शन' नावाचं मासिक काढलं. मराठीतलं हे पहिलं मासिक धरलं जातं. पाच वर्षं चाललं. यात बातम्या नव्हत्या. पदार्थविज्ञान, रसायन, भूगोल, प्राणी, वनस्पती, इतिहास, गणित यांवर लेख, सोबत नकाशे आणि आकृत्या. त्या काळी आकृती छापणं म्हणजे शिळेवर हातानं काढून घ्यायची. पैसा आणि मेहनत दोन्ही लागायची.

हे मासिक कुणासाठी? कॉलेजातल्या पोरांना इंग्रजी पुस्तकं मिळत होती. याचा खरा उपयोग ज्याला इंग्रजी येत नाही पण वाचायची हौस आहे अशा माणसाला, आणि खेड्यातल्या शाळेच्या मास्तराला. मुंबईत एकदा शिकून गेलेला मास्तर पुढे दहा वर्षं तेच उगाळत बसतो. त्याला दर महिन्याला काही नवं हातात द्यायचं तर मासिकासारखं साधन दुसरं नव्हतं. आज ज्याला सेवांतर्गत प्रशिक्षण म्हणतात ते नाव तेव्हा नव्हतं, पण दिग्दर्शननं केलं ते दुसरं काय? नेमका खप किती आणि वाचणारे कोण, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. साक्षर माणसंच मूठभर होती.

या सगळ्या उद्योगात घरचं आणि समाजाचं काही सुखाचं नव्हतं. १८४३ साली श्रीपत शेषाद्री नावाच्या ब्राह्मण मुलाचं प्रकरण झालं. त्याचा थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झालेला, श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहिलेला. बाप कोर्टात गेला आणि पोर परत मिळालं, पण जात त्याला घ्यायला तयार नाही. बाळशास्त्र्यांनी त्याला प्रायश्चित्त देववून परत जातीत घेण्याचा खटाटोप केला. त्यावरून मुंबई-पुण्याच्या सनातनी मंडळींनी त्यांच्यावरच बहिष्काराची हत्यारं उपसली. विधवांच्या पुनर्विवाहाची बाजू त्यांनी आधीच घेतली होती, त्याचाही राग होताच. शास्त्र्याच्या घरचा माणूस, संस्कृत जाणणारा, म्हणून त्यांना नुसतं बाटगा म्हणून झटकता येत नव्हतं. म्हणून राग जास्त.

'नॉर्मल' म्हणजे काय

१८४० साली सोसायटीचा कारभार सरकारच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे गेला. जगन्नाथ शंकरशेट या बोर्डावर होते. शाळांची संख्या हळूहळू वाढत होती, पण मास्तरांचं रडगाणं तेच. शेवटी १८४५ साली एल्फिन्स्टनमध्ये मास्तर तयार करण्याचा वर्ग सुरू झाला आणि त्याचे प्रमुख म्हणून बाळशास्त्र्यांना नेमलं. त्याला नॉर्मल क्लास, नॉर्मल स्कूल म्हणत.

हा शब्द ऐकून आज हसू येईल. नॉर्मल म्हणजे साधं असं आपल्याला वाटतं. तो आला फ्रेंचातून, तिथे मास्तर तयार करणाऱ्या शाळेला तसंच नाव आहे. नॉर्म म्हणजे नमुना, कित्ता. कसं शिकवायचं त्याचा कित्ता जिथे गिरवायला मिळतो ती नॉर्मल शाळा. पुढे हीच ट्रेनिंग कॉलेजं झाली, मग डी.एड., आता डी.एल.एड. आपल्या आजोबांच्या पिढीत ट्रेन्ड मास्तर असा शब्द होता आणि त्याला गावात वेगळा मान होता, त्या ट्रेन्ड मास्तराचं मूळ इथे आहे.

बाळशास्त्र्यांची निवड का झाली हे त्यांची आधीची वीस वर्षं बघितली की कळतं. गणित येणारे मुंबईत आणखी होते. संस्कृत येणारे तर पुष्कळ. शिकवणारे होते, लिहिणारे होते. पण वरच्या वर्गाचं गणित, वेधशाळेतला हात, मराठी शाळेची पुस्तकं, मासिक, आणि सोसायटीच्या कचेरीत बसून सगळ्या मुलखातल्या शाळांची माहिती, हे सगळं एकाच माणसात दुसरीकडे कुठे नव्हतं. त्यात तो स्वतः खेड्यातून आलेला. पोंभुर्ल्यासारख्या गावातल्या ओसरीवरच्या शाळेत काय चालतं हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

यासोबत शाळा तपासण्याचं कामही त्यांच्याकडे आलं. हे दोन्ही एकाच माणसाकडे असणं फार महत्त्वाचं होतं. वर्गात मास्तर तयार करायचा आणि मग त्याच्या गावात जाऊन तो खरंच काय शिकवतोय ते बघायचं. आज शिकवणारे वेगळे आणि तपासणारे वेगळे. प्रशिक्षणात सांगितलेलं शाळेत उतरलं की नाही हे सांगणारा कुणी नसतो. फॉर्म भरला, सही झाली, फोटो अपलोड झाला. बाळशास्त्र्यांना फोटो नव्हता, घोडा नाहीतर मेणा होता, आणि वाटेत राहायला धर्मशाळा.

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. या शाळांत आणि या वर्गांत येणारी पोरं बहुतेक वरच्या जातीची होती. शेतकऱ्याचं, कोळ्याचं, महाराचं पोर तिथवर पोचत नव्हतं, मुलींचा तर प्रश्नच नव्हता. बाळशास्त्र्यांनी मुलींच्या शिक्षणाची बाजू लेखणीनं घेतली, पण ती शाळा उघडायला आणि तिच्यासाठी बाई तयार करायला पुढे जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यावे लागले. सावित्रीबाईंनीही मास्तरकीचं रीतसर शिक्षण घेतलं होतं, नगरला आणि पुण्याला. नॉर्मल स्कूलचाच तो दुसरा फाटा.

चौतिसावं वर्ष

वर्ग सुरू होऊन धड दीड वर्षसुद्धा झालं नसेल. १८४६ च्या मे महिन्यात, थोड्या दिवसांच्या आजारानं बाळशास्त्री मुंबईत गेले. वय चौतीस. आज या वयात पोरं कंत्राटी शिक्षणसेवक म्हणून आदेशाची वाट बघत असतात.

गेले तेव्हा ते ज्ञानेश्वरीची छापील प्रत काढून बसले होते, ती १८४५ मधली. शिलालेख आणि ताम्रपट वाचून त्यांवर एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहीत होते. कामं अर्धी, कागद अर्धे. त्यांचं विखुरलेलं लेखन गोळा होऊन तीन खंडांत छापलं गेलं ते १९५० साली, म्हणजे शंभर वर्षांनी.

त्यांच्यामागे मास्तरांच्या वर्गाची जबाबदारी दादोबा पांडुरंग यांच्याकडे आली. मराठीचं व्याकरण लिहिणारे ते हेच दादोबा. माणूस तोलामोलाचा, यात शंका नाही. पण वेधशाळेत आकडे टिपलेला, कॅल्क्युलस मराठीत आणलेला मास्तर गेला तो गेलाच.

आणि नेमका वाद पेटला तो त्यानंतर. १८४७ च्या सुमारास बोर्डाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी यांनी धरून ठेवलं की पैसा इंग्रजी शिक्षणावर घाला, थोड्यांना वरचं शिकवा, ते खाली झिरपेल. जर्व्हिस, तेव्हा ते कर्नल झाले होते, आणि जगन्नाथ शंकरशेट यांच्यासह हिंदी सभासद म्हणत होते की लोकांच्या भाषेतच शिकवायला पाहिजे. या वादात मराठीतून वरचं गणित शिकवून दाखवलेला, दोन्ही भाषांत लिहिणारा, साहेबांच्या बरोबरीनं प्रोफेसरी केलेला माणूस हजर असता तर! पण तो नव्हता. हा वाद आजही आपल्या गावात चालूच आहे. सेमी इंग्रजी की मराठी, झेडपीची शाळा की तालुक्याची इंग्लिश मीडियम, दर जूनला घराघरात तोच खल.

केरूनाना

आता नागावच्या त्या पोराची गोष्ट. केरो लक्ष्मण छत्रे कुलाब्याच्या वेधशाळेत ५० रुपये पगारावर होते. ऑर्लेबार आणि बाळशास्त्री यांच्या हाताखाली गणित आणि आकाशाचं ज्ञान त्यांनी मिळवलं. कॉलेजची पदवी त्यांच्याकडे नव्हती, मुंबईचं विद्यापीठच निघालं १८५७ साली. १८५१ मध्ये ते पुण्याला गेले आणि तिथल्या कॉलेजात, त्याला जोडलेल्या नॉर्मल वर्गात, गणित आणि सृष्टिशास्त्र शिकवू लागले. म्हणजे मुंबईत बाळशास्त्र्यांच्या हातून सुटलेलं काम पुण्यात त्यांच्या शिष्यानं उचललं. मास्तर होऊ घातलेल्या पोरांना गणित आणि विज्ञान, तेही मराठीतून.

केरूनानांनी शाळांसाठी अंकगणिताचं आणि पदार्थविज्ञानाचं पुस्तक लिहिलं. १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' काढलं, ज्याच्यावरून पंचांगाचं गणित आकाशाशी जुळवता येतं. त्यावरून पंचांग सुधारण्याची चळवळच उभी राहिली. पुढे डेक्कन कॉलेजात त्यांच्यासमोर गणिताला बसलेल्या पोरांत बाळ गंगाधर टिळक नावाचा एक विद्यार्थी होता. नावही बाळ गंगाधरच, आणि मूळही कोकणचंच.

केरूनाना १८८४ साली वारले. कुलाब्याची चुंबकत्वाची नोंद त्यानंतरही चालू राहिली, पण मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर सुई भरकटायला नको म्हणून १९०४ साली ते काम अलिबागला हलवलं गेलं, केरूनानांच्या नागावपासून हाकेच्या अंतरावर. अलिबागच्या त्या वेधशाळेत आजही पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद घेतली जाते.